परदेशात पोट बिघडलं तर आधी लपवणं बंद कर

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय, बरंच लांब आहे म्हणून थोडक्यात देते. "ताई, गेल्या वर्षी आम्ही मित्रमंडळी परदेशात फिरायला गेलो होतो. एका रात्री माझं पोट बिघडलं, उलट्या आणि जुलाब दोन्ही. सगळ्यांची ट्रिप खराब होईल म्हणून कोणाला सांगितलं नाही. सकाळी जुलाब थांबायची गोळी घेतली आणि बसमध्ये बसले, सारखं बाथरूमला जायला लागू नये म्हणून पाणी प्यायचंच टाळलं. दुपारी चक्कर येऊन पडले. मग हॉस्पिटल, सलाईन, आणि इन्शुरन्सवाल्यांना वेळेत कळवलं नाही म्हणून क्लेमही गेला. आता परत जायचंय, यावेळी आई (६८, शुगर आणि बीपी) आणि चार वर्षांची मुलगी सोबत आहे. मैत्रीण म्हणते निघायच्या आदल्या दिवसापासूनच अँटिबायोटिक सुरू कर. करू का? खरं सांगायचं तर इतकी भीती बसलीय की ट्रिप कॅन्सल करावी असं वाटतंय."

ट्रिप कॅन्सल करू नकोस. आईची तब्येत एरवी ठीक असेल, डॉक्टर जा म्हणत असतील, तर नक्की जा. मागच्या वेळी पोट बिघडलं हा तुझा दोष नव्हताच, बाहेर फिरताना पोट बिघडणं ही प्रवाशांमधली सगळ्यात कॉमन तक्रार आहे आणि कितीही जपलं तरी होऊ शकते. पण तू पडलीस ती पोट बिघडल्यामुळे नाही गं, पडलीस ती रात्रभर शरीरातलं पाणी जात असताना सकाळी पाणी बंद केलंस म्हणून. आणि हे सगळं एकटीने केलंस म्हणून. यावेळी एवढ्या दोनच गोष्टी बदलायच्यात, बाकीचं सगळं त्यांच्या मागून येतं.

आधी पाण्याचं बोलते, कारण "प्यायलं की जायला लागतं, म्हणून नको प्यायला" हे खूप जणांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. प्रवासातले बहुतेक जुलाब बॅक्टेरियामुळे होतात, त्यातला सगळ्यात नेहमीचा म्हणजे ई. कोलायचा एक प्रकार, आणि तो जे विष सोडतो त्याने आतड्याच्या पेशी आपल्याच शरीरातलं पाणी आणि क्षार बाहेर आतड्यात ढकलत राहतात. म्हणजे तू प्यायलीस काय नि नाही प्यायलीस काय, ते पाणी जाणारच आहे, फक्त न प्यायल्यावर ते भरून निघत नाही. पण गंमत नाही, खरोखर मोठी गोष्ट आहे ही, की आतडं एवढं बिघडलेलं असतानाही एक वाट चालू राहते, साखर आणि मीठ ठराविक प्रमाणात एकत्र गेलं की आतडं ते दोन्ही शोषतं आणि त्यांच्यासोबत पाणीही आत ओढलं जातं. ओआरएसचं सगळं काम या एका वाटेवर चालतं. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराची साथ आली आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी मोठ्या प्रमाणावर पाजायला सुरुवात केली, नातेवाईकच पेशंटला पाजायचे, आणि जिथे शंभरात तीसेक माणसं दगावत होती तिथे तो आकडा चारच्याही खाली आला. कॉलरात जे चाललं ते तुझ्या हॉटेलच्या खोलीत का नाही चालणार?

त्यामुळे बॅगेत पहिली वस्तू ओआरएसची पाकिटं, आणि ती घरूनच न्यायची, रात्री दोन वाजता अनोळखी शहरात मेडिकल शोधत फिरायचं नाही. पाकीट घेताना एक गोष्ट नीट बघ, मागच्या बाजूला किती पाण्यात घालायचं ते लिहिलेलं असतं, कुठलं एक लिटरचं असतं कुठलं २०० मिलीचं, आणि घाईत लोक लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात ओततात. ते फार खारट होतं, मुलांना तर धोक्याचं. सोपं असं कर, ज्या मापाचं पाकीट त्या मापाची एक रिकामी बाटली सोबत ठेव, सीलबंद किंवा उकळून गार केलेलं पाणी भर, पाकीट पूर्ण ओत, अर्धं अर्धं करायचं नाही, हलव, आणि केलं तेव्हाची वेळ मोबाईलवर लिहून ठेव कारण २४ तासांनी उरलेलं फेकायचं असतं. पाकीट नाहीच मिळालं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, चमचा शीग लावून भरायचा नाही. चव साधारण अश्रूंइतकीच खारट लागली पाहिजे, त्याहून जास्त खारट लागलं तर ओतून दे आणि परत कर.

आणि कोल्ड्रिंक किंवा पॅकबंद ज्यूस म्हणजे ओआरएस नाही. ३३० मिलीच्या कोलाच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते, ओआरएसच्या अख्ख्या लिटरमध्ये ग्लुकोज १३.५ ग्रॅम. एवढी साखर आतड्यात गेली की ती उलट पाणी बाहेर खेचते आणि जुलाब वाढतात. आई शुगरवाली आहे म्हणून ओआरएस द्यायला घाबरशील, बरेच जण घाबरतात, पण जुलाब लागलेल्या शुगरच्या पेशंटला ओआरएस चालतं, फक्त अशा दिवशी शुगर जास्त वेळा तपासायची. ग्लुकोमीटर, स्ट्रिप्स, सगळं केबिन बॅगेत.

उलट्या होत असतील तर? "पाणी पोटात टिकतच नाही" म्हणून लोक तिथेच हात टेकतात. एक उलटी झाली की दहा-पंधरा मिनिटं काहीच द्यायचं नाही, मग एकेक छोटा चमचा, दर एक-दोन मिनिटांनी. ग्लास तोंडाला लावायचाच नाही, कितीही तहान लागली तरी. कंटाळवाणं काम आहे, अर्धा तास चमचा हातात धरून बसायला लागतं, पण असं थोडं थोडं गेलं की बहुतेक वेळा टिकतं. तासभर टिकलं की हळूहळू वाढवायचं. मोठ्या माणसाला प्रत्येक जुलाबानंतर साधारण ग्लासभर, तुझ्या मुलीला १०० ते २०० मिली. तिला सोबत खायलाही द्यायचं, पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवायचं नाही, तिला जे आवडतं आणि पचतं ते थोडं थोडं. मोठ्यांनीही तसंच, भूक लागली की साधं काहीतरी खावं, तेलकट, खूप गोड आणि दारू एवढं टाळलं की पुरे.

आता मैत्रिणीचं अँटिबायोटिक. नको. ती काळजीनेच सांगतेय, पण आजारी नसताना प्रवासाला निघायच्या आधीच अँटिबायोटिक सुरू करणं बहुतेक प्रवाशांना सुचवलंच जात नाही. व्हायरसमुळे पोट बिघडलं तर त्याचा शून्य उपयोग, साइड इफेक्टमध्ये जुलाबच असू शकतात, आणि पोटातले चांगले बॅक्टेरिया मेले की त्या जागी औषधाला न जुमानणारे बॅक्टेरिया येऊन बसतात आणि ते तू घरी घेऊन येतेस, घरच्यांनाही देतेस. साधे जुलाब तसेही अँटिबायोटिकशिवाय तीन ते सात दिवसांत, बरेचदा त्याआधीच, बरे होतात. मात्र निघायच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन "जोराचा त्रास झाला तर काय घ्यायचं" हे नक्की विचार, कुठल्या देशात चाललोय ते सांगून विचार, कारण दक्षिण आणि आग्नेय आशियात आधी सर्रास दिलं जाणारं सिप्रोफ्लॉक्सासिन आता बऱ्याच जंतूंवर चालत नाही आणि तिथे अ‍ॅझिथ्रोमायसिनकडे जास्त कल असतो. देतील तर ते इमर्जन्सीसाठी, कधी सुरू करायचं ते कागदावर लिहून घे. मैत्रिणीच्या पर्समधली उरलेली स्ट्रिप हा उपाय नाही.

जुलाब थांबवायची गोळी, म्हणजे लोपेरामाइड, ही वाईट नाही, तिची वेळ वेगळी आहे. मोठ्या माणसाला लांबचा बस प्रवास किंवा फ्लाइट आहे, ताप नाही, शीमध्ये रक्त नाही, पाणी नीट जातंय, तर घेता येते, पाकिटावर जी मर्यादा लिहिलीय तिच्या वर नाही कारण खूप डोस झाला तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर अजिबात नाही, तेव्हा आतड्यातला जंतू बाहेर पडू दे. मुलीला ही गोळी द्यायची नाही. आणि ती जुलाब कमी करते, गेलेलं पाणी परत आणत नाही, मागच्या वेळी गोळी घेतल्यामुळे तुला वाटलं आता झालं, आणि पाणी राहूनच गेलं.

आईबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते म्हणून हे जरा सविस्तर. शुगर आणि बीपीची काही औषधं अंगात पाणी असताना उत्तम काम करतात पण डिहायड्रेशन झालं की तीच त्रास देतात. लघवी जास्त करणारी बीपीची औषधं, नावाच्या शेवटी "प्रिल" किंवा "सार्टन" असलेल्या बीपीच्या गोळ्या, यांच्यावर असताना उलट्या-जुलाब झाले तर किडनीवर ताण येऊ शकतो, किडनी मंदावली की शुगरचं मेटफॉर्मिन अंगात साठू शकतं, आणि शुगरच्या नव्या गोळ्यांपैकी ज्यांच्या नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" असतं त्यांनी रक्तात आम्ल वाढू शकतं, तेही शुगर फारशी वाढलेली दिसत नसताना. म्हणून आईच्या डॉक्टरांना निघायच्या आधीच स्पष्ट विचार, "उलट्या-जुलाब झाले तर यातली कुठली गोळी थांबवायची, किती दिवस, परत कधी सुरू करायची". उत्तर लिहून घे आणि गोळ्यांच्या डब्यातच ठेव. इन्सुलिन असेल तर ते आपल्या मनाने बंद करायचं नाही, त्याचंही वेगळं विचारून ठेव. तिथे गेल्यावर फोन लागत नाही, इकडे रात्र तर तिकडे दिवस, म्हणून हे आधीच. (तू स्वतः गर्भनिरोधक गोळी घेत असशील तर एक, गोळीनंतर तीन तासांच्या आत उलटी झाली किंवा जोराचे जुलाब दिवसभर चालले तर तिचा भरवसा धरू नकोस.)

औषधं मूळ पाकिटात ठेव आणि प्रिस्क्रिप्शनची प्रत सोबत घे, त्यावर ब्रँडचं नाव नाही तर औषधाचं मूळ नाव लिहून घे, कारण आपल्याकडचा ब्रँड तिथल्या फार्मसिस्टला माहीतच नसतो. पॅरासिटामॉल मागितलं तर अमेरिकेत अ‍ॅसिटअमिनोफेन या नावाने मिळतं, तेच औषध आहे, दोन्ही एकत्र खाऊन डबल डोस व्हायला नको. काही देश औषधांबाबत फार कडक आहेत, जपान आणि संयुक्त अरब अमिरातीत कोडीन असलेली औषधं परवानगीशिवाय नेली तर अडचण होते, तेव्हा जिथे जाताय त्या देशाचे नियम आधी बघ.

डॉक्टरकडे कधी? हे सांगताना मी मवाळ होणार नाही. शीमध्ये रक्त, ३८.५ डिग्रीच्या वर ताप (फॅरेनहाइटमध्ये १०१.३), चमच्या-चमच्याने देऊनही काहीच टिकत नाही, सात-आठ तास लघवीच नाही किंवा अगदी गडद होतेय, उभं राहिलं की चक्कर, पोटात एका जागी सतत आणि वाढत जाणारं दुखणं, माणूस गोंधळल्यासारखं बोलतंय, यातलं एकही असेल तर थांबायचं नाही. मुलगी रडताना डोळ्यांतून पाणी येत नसेल, तोंड कोरडं असेल, खेळायचं सोडून नुसती पडून असेल तर त्याच क्षणी. आईसाठी तर "बघू उद्या सकाळी" हे वाक्यच नको, तिला जोराचे जुलाब सुरू झाले की त्याच दिवशी डॉक्टर. आणि मलेरिया असलेल्या भागात गेला असाल आणि ताप आला, तर सोबत जुलाब आहेत म्हणून पोटाचाच ताप धरून बसायचं नाही, मलेरियाची टेस्ट करून घ्यायची, त्याचीही सुरुवात अशी होऊ शकते.

यासाठी एक साधी सवय लाव. कोणाचंही पोट बिघडलं की मोबाईलच्या नोट्समध्ये वेळ टाकत जा, किती वाजता जुलाब, किती वाजता उलटी, किती प्यायलं, लघवी कधी झाली. रात्रीच्या जागरणात काही आठवत नाही, सगळं एकच वाटतं. डॉक्टरसमोर भाषेची अडचण असली तरी ते आकडे दाखवले की त्यांना लगेच अंदाज येतो. त्याच नोटमध्ये वर आईचे आजार, औषधं, अ‍ॅलर्जी तिथल्या भाषेत लिहून ठेव, घरून निघतानाच.

इन्शुरन्स. पॉलिसीवर २४ तास चालणारा मदतीचा नंबर असतो, तो तुझ्या आणि सोबतच्या आणखी एकाच्या फोनमध्ये सेव्ह कर. हॉस्पिटलमध्ये जायच्या आधी, आणि ते शक्य नसेल तर कोणीतरी तिथून लगेच, त्या नंबरवर कळवायचं, ते जवळचं हॉस्पिटलही सांगतात आणि बऱ्याचदा बिल परस्पर भरतात. निघताना कागद मागून घे, आजाराचं नाव लिहिलेला रिपोर्ट, प्रिस्क्रिप्शन, एकेक खर्च वेगळा दाखवलेलं बिल, पैसे भरल्याची पावती. पॉलिसी काढताना आईची शुगर आणि बीपी लपवू नकोस, प्रीमियम वाढला तरी चालेल, लपवलेला आजार पुढे क्लेम नाकारायला पुरेसा होतो. इमर्जन्सी नंबरही प्रत्येक देशाचा वेगळा, युरोपात ११२, अमेरिकेत ९११, जपानमध्ये अँब्युलन्सला ११९. जिथे जाताय तिथला पाठ कर.

काय खायचं-टाळायचं ते तुला माहीतच असणार, वाफाळतं गरम खा, आपण सोललेलं फळ खा, कापून उघड्यावर ठेवलेलं नको, नळाच्या पाण्याचा भरवसा नसेल तिथे बर्फही नको आणि दात घासायलाही बाटलीचंच पाणी. बुफेमध्ये तासन्‌तास कोमट राहिलेलं अन्न मला रस्त्यावरच्या तुझ्यासमोर कढईतून काढलेल्या अन्नापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं, हॉटेल कितीही चकचकीत असो. पण एक सांगते, तू अगदी काटेकोर राहिलीस तरी किचनमधल्या माणसाने हात धुतले की नाही हे तुझ्या हातात नाही, त्यामुळे कोणाचं पोट बिघडलं तर "तूच ते खाल्लंस" हे बोलणं घरात होऊ देऊ नका. आजारी माणूस लपवायला लागतो तो याच बोलण्यामुळे.

हात धुण्याबद्दल मात्र आग्रह धर. उलट्या-जुलाबाचा एक फार पसरणारा व्हायरस आहे नोरोव्हायरस, संसर्ग झाल्यावर १२ ते ४८ तासांत तो उफाळतो आणि अख्खी खोली आजारी पडते, आणि हँड सॅनिटायझरने तो नीट जात नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. तुझं पोट बिघडलं तर टॉवेल वेगळा, फ्लश करताना झाकण बंद, मुलीला भरवायचं काम दुसऱ्या कोणाकडे, आणि बरं वाटल्यावरही दोन दिवस इतरांचं खाणं हाताळायचं नाही. आता हे सगळं कोणाला न सांगता कसं करणार आहेस?

म्हणूनच म्हणते, निघायच्या आधी सोबतच्यांशी एकदा बोल. "कोणाचं पोट बिघडलं तर लगेच सांगायचं, एक जण खोलीत थांबेल, बाकीचे फिरून येतील" एवढं आधी ठरलेलं असलं की ऐनवेळी कोणाला ओझं वाटत नाही. संकोच मला कळतो, संडासबद्दल चारचौघांत बोलायला कसंतरीच होतं, आणि बायकांना तर जास्तच, आजारी पडलं तरी दुसऱ्यांची सोय आधी बघायची सवय लागलेली असते. पण तुझ्या मित्रमंडळींना विचार, त्यांना एक दिवस हॉटेलवर थांबायला लागलं असतं तर चाललं असतं की तुला बेशुद्ध पडलेलं बघायला? आणि आईला हे तू स्वतः सांग, कारण तीही अशीच गप्प बसणारी असेल, तुम्हा दोघींचं हे सारखंच असणार असं मला वाटतं. प्लॅनमध्येही दर तीन-चार दिवसांनी एक मोकळा दिवस ठेव, तिकिटं काढलेली असली की माणूस आजारी असूनही निघतो.

परतीच्या दिवशी त्रास सुरू असेल तर ताप आणि उलट्या चालू असताना विमानात चढू नका, एअरलाइनला फोन करून तारीख बदलून घ्या, केबिनमधली हवा तशीही फार कोरडी असते. हलका त्रास असेल तर मधल्या वाटेकडची, टॉयलेटजवळची सीट मागून घ्या, ओआरएसची पावडर आणि एक जास्तीचा कपड्यांचा जोड केबिन बॅगेत, आणि सिक्युरिटीनंतर पाणी विकत घेऊन त्यात ते मिसळा.

घरी आल्यावर दोन आठवड्यांनी जरी पोट बिघडलं, किंवा तेव्हाचे जुलाब रेंगाळतायत, शी तेलकट आणि फार घाण वासाची होतेय, गॅस, वजन उतरतंय, तर तो जिआर्डियासारखा परजीवी असू शकतो, तो उशिरा डोकं वर काढतो आणि नेहमीच्या गोळ्यांनी जात नाही, शीची तपासणी करावी लागते. डॉक्टरांना आपणहून सांग की कुठल्या देशात गेलो होतो, कधी आलो, ते विचारतीलच असं धरून चालू नकोस.